गंगाधर मिस्तरींचा कान

सायखेड्यात मला 'डिप्लोमा' म्हणतात. गावातल्या निम्म्या लोकांना ते माझं आडनाव वाटतं. गंगाधर मिस्तरींच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा पाकिटावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'श्री. डिप्लोमा साहेब व परिवार'. आमच्या सौभाग्यवतींनी ती पत्रिका फ्रीजवर चिकटवली आणि सहा महिने येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. "आमच्या साहेबांनी आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही हो," असं म्हणून.

हे नाव ज्यांनी ठेवलं ते मिस्तरी आता नाहीत. नाव मात्र चिकटलंय. माझ्या हातून ज्या ज्या गोष्टी मोडल्या त्यांच्यासारखं ते मोडत नाही.

आमची पहिली भेट अंबडच्या एका कारखान्यात झाली. मी एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून मेंटेनन्स खात्यात नवा लागलेलो, खिशाला तीन पेनं. मिस्तरी चाळिशीला टेकलेले, सायखेड्याहून रोज पहिल्या एसटीने येणारे. काळे, उंच, आणि बोलताना मान थोडी डावीकडे कललेली. ती सवय कुठून आली ते मला लवकरच कळणार होतं.

एक जुनी ड्रिलिंग मशीन होती. दर काही सेकंदांनी तिच्यातून खट् असा आवाज यायचा. मिस्तरी त्या दिवशी रजेवर. मी म्हटलं, हीच संधी. पुस्तक उघडलं आणि त्याच्या जोडीने मशीनचा गिअरबॉक्सही उघडला. दीड दिवस मी कोपरापर्यंत तेलात होतो. सगळं परत जोडलं, झाकण लावलं आणि खाली बघितलं तर फडक्यावर दोन वॉशर आणि एक स्प्रिंग शिल्लक. वॉशर मी कोपऱ्यात सरकवले. स्प्रिंग खिशात टाकली. मशीन चालू केली. खट्. खट्. खट्.

तेवढ्यात मिस्तरी आले.

"सगळं बसलं?"

"हो, सगळं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान डावीकडे झुकवली आणि तळहात पुढे केला. "काढ."

मी स्प्रिंग त्यांच्या हातावर ठेवली.

मग त्यांनी एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. इथे टेकव, तिथे टेकव. देवळात गाभाऱ्यासमोर माणूस उभा राहतो तसे उभे. शेवटी मागच्या बाजूला गेले, मोटरच्या बैठकीचा एक नट पान्याने अर्धा फेरा आवळला, आणि खट् बंद.

"हिला सर्दी झालती," मिस्तरी म्हणाले, "आन् तू हिचं पोट फाडलं, डिप्लोमा."

तेव्हापासून मी डिप्लोमा. ती मशीन पुढे वीस वर्षं चालली, त्या स्प्रिंगशिवाय. स्प्रिंग मिस्तरींनी स्वतःच्या खिशात ठेवली आणि मी काही शहाणपणा करायला निघालो की ती काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवायचे. पुढे मी त्यांचा साहेब झालो, मीटिंगा घ्यायला लागलो, तरी ती स्प्रिंग यायचीच.

त्यांचं शास्त्र एका ओळीचं होतं. आधी ऐक, मग बघ, मग हात लाव. उघडायचं सगळ्यात शेवटी. "एकदा उघडली की मशीन पयल्यासारखी मिटत नाय," म्हणायचे. एखाद्या गिअरबॉक्सच्या तपासणीच्या खिडकीतून, जिच्यातून माझी मूठही जात नसे, ते आत हात घालून तुटलेल्या बेअरिंगचे तुकडे एकेक करून काढायचे आणि झाकणाला हात लावायचे नाहीत. काम झालं की मशीनच्या अंगावर दोनदा थोपटायचे, म्हशीला थोपटावं तसं, आणि म्हणायचे, "चल." मग बाहेर पिंपळाखाली जाऊन एक विडी. मशीन दुरुस्त झाल्याशिवाय विडी नाही, हा नियम. त्या काळात आम्हाला वाटायचं, केवढा संयम! आमच्या कारखान्यातल्या मशीन रोज किती वेळा बिघडायच्या, हा हिशेब कुणी केला नव्हता.

कान कुठेही लावायचे. कलिंगडाला, विहिरीवरच्या पंपाला, माझ्या आईच्या फ्रीजला. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एकाएकी गायब झाले. अक्षता पडल्या, लोक जेवायला बसले, मिस्तरींचा पत्ता नाही. शेवटी ते कार्यालयाच्या मागून आले, हात काळे. "तुझा जनरेटर मरायला टेकला व्हता. आवाज बदलला म्हनून गेलो." लग्नाच्या फोटोत माझ्या शुभ्र सलवार-कुर्त्याच्या खांद्यावर पाच काळी बोटं आहेत. आशीर्वाद दिला होता त्यांनी.

मिस्तरी निवृत्त झाले आणि सायखेड्याला शेतातल्या घरी राहायला गेले. मुलगा राजू द्राक्षबाग बघतो. नात झाली त्या दिवशी त्यांनी विडी सोडली. मीही पुढे निवृत्त झालो, आणि महिन्यातून एकदा तिकडे जायला लागलो. जायचं कारण पेरू, वांगी असं काहीतरी सांगायचो. खरं म्हणजे निवृत्तीनंतर मला कुणी मूर्ख म्हणेनासं झालं होतं, आणि म्हणवून घ्यायची सवय मोडवत नव्हती.

तोपर्यंत सिंधूकाकूंना, मिस्तरींच्या बायकोला, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलेलं, बोलणं थोडं वेडंवाकडं, जीभ मात्र पूर्वीइतकीच तिखट. मिस्तरी रोज सकाळी त्यांना खाटेवरून उचलून ओसरीवरच्या खुर्चीत उन्हात बसवायचे आणि दुपारी परत खाटेवर न्यायचे. राजूच्या कमरेचा मणका सरकलेला, त्याला जड उचलायला बंदी. सून मदतीला असायची, पण काकू दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. "तुमाला जमत नाय," एवढंच.

मिस्तरी अठ्याहत्तर वर्षांचे असताना एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनच्या आधी तपासण्या करतात तशा केल्या, छातीचा फोटो काढला, आणि फोटोत डाव्या बाजूला एक ठिपका दिसला. मग सीटी स्कॅन, मग सुईने तुकडा. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या कप्प्यात बोराएवढी गाठ. कॅन्सर. कुठे पसरलेला नव्हता, एवढं चांगलं.

रिपोर्ट घेऊन राजू माझ्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"डिप्लोमा काका, अण्णांना सांगायचं नाय. खचतील."

"बरं."

"तुम्ही सांगा काहीतरी. तुमचं ऐकतेत."

मिस्तरींनी माझं आयुष्यात कधीच काही ऐकलं नव्हतं, पण त्या पोराचा चेहरा बघून मी हो म्हणालो. 'जुन्या टीबीचा डाग आहे, तपासून घेऊ' असं ठरलं. मी आरशासमोर दोनदा सराव केला. मिस्तरींसमोर सगळं धडाधड म्हणून टाकलं. त्यांनी मान डावीकडे झुकवून ऐकलं आणि म्हणाले, "बरं."

मला वाटलं, जमलं!

दवाखान्याच्या दर्शनी बाजूला मोठा फलक आहे, लांबूनही वाचता येईल असा. म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन पाहणी केली आणि मागचं फाटक शोधून काढलं. गाडी तिकडे लावली. मिस्तरींचा हात धरून आत नेलं. राजू पुढे नंबर लावायला गेला होता. आणि मी बघतो तो मागच्या अंगणात तारांवर चादरी वाळत घातलेल्या. चाळीस-पन्नास चादरी. प्रत्येकीच्या मधोमध निळ्या शाईत, वीतभर अक्षरांत: कर्करोग रुग्णालय. वाराही असा की एकेक चादर आमच्याकडे तोंड करून उभी राहिलेली.

मिस्तरींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. दुसरा डोळा दुर्दैवाने ठणठणीत.

ते थांबले. पहिली चादर वाचली. दुसरी वाचली. मग म्हणाले, "चल. नंबर जाईल."

आत बाकावर बसलो.

"डिप्लोमा."

"हं."

"त्या डिरलिंगच्या टायमाला, सगळं बसलं म्हनून तू मला सांगितलं व्हतं. स्प्रिंग कुठं व्हती?"

"खिशात."

"तवा तुझा आवाज जसा आलता ना, तसाच परवा आला. टीबी म्हनला तू, तवाच मला कळलं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांनी चादरी उगाच वाळत घातल्या."

मी रडायला लागलो. म्हणजे बघा, आजार त्यांना, आणि खिशातून रुमाल काढून दिला तो त्यांनी मला. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी मिस्तरींना हळूच विचारलं, "पेशंट हेच का?" मिस्तरी म्हणाले, "व्हय. जुनं दुखणं हाय."

मग राजू आला. बापाने त्याच्याकडे फक्त बघितलं. "तुझ्या आईला तू सांगायचं नाय. मी सांगन," म्हणाले. राजूने मान खाली घातली, आणि त्या घरातलं खोटं बोलणं तिथेच संपलं.

सर्जन एक चाळिशीच्या बाई होत्या. बारीक अंगाच्या, पायात कापडी बूट, बोलणं मोजकं. राजूने आधीच सुरुवात केली. "मॅडम, अण्णांचं वय अठ्याहत्तर. या वयात कापाकापी नको वाटते आम्हाला. राहिलेत ते दिवस सुखानं..."

मी मान हलवत होतो. खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. अठ्याहत्तर म्हणजे झालं की, असं मी मनात ठरवून टाकलं होतं, आणि त्याला माया असं नावही देऊन टाकलं होतं.

बाई म्हणाल्या, "वय मी बघते, पण एकटं वय बघून ठरवत नाही. हृदय बघीन, फुप्फुसात दम किती आहे ते मोजीन, चालायला लावीन. किरणांचा उपायही आहे, तोही सांगीन." मग राजूला ओलांडून मिस्तरींकडे वळल्या. "बाबा, जिना चढता?"

"गावच्या घाटाच्या पायऱ्या चढतो. गंगेवरनं वर. रोज."

"विडी?"

"सोडली. नात झाली तवा."

"त्याआधी दिवसाला किती?"

"जितक्या मशीन दुरुस्त केल्या तितक्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुष्कळ लिहा."

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय पाहिजे?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. मिस्तरींनी मान झुकवली, जणू प्रश्नाचा आवाज तपासत होते.

"माझ्या मालकिनीचं एक अंग गेलंय. तिला दिवसातनं दोनदा मी उचलतो. ती हाय तवर मला उचलायचंय. मला तिच्यापरीस एक दिस जास्ती पायजे. एकच. जास्त नको."

राजू खिडकीकडे बघायला लागला.

बाईंनी समजावून सांगितलं. जुन्या पद्धतीत बरगड्या फाकवून छाती उघडतात. मग हात वर करतानाही महिनोन्‌महिने दुखतं, आणि म्हाताऱ्या माणसाला खोकताही येत नाही, कफ साठतो. त्या करणार ते काखेखाली तीन छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून. गाठ आणि तो कप्पा काढायचा, आजूबाजूच्या ग्रंथी काढायच्या. "सगळं नीट झालं तर दीड-दोन महिन्यांनी उचलता येईल. वचन देत नाही."

"नकोच. वचन देतो तो मेकॅनिक चोर." मिस्तरी पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यात मी किती वर्षांनी ती चमक बघत होतो. "हत्यार दावता का?"

बाईंनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. लांब दांड्याचं हत्यार, टोकाशी वळणारं, पकडतं, दोन्हीकडून टाके मारतं आणि मधोमध कापतं.

"आत गेल्यावर वाकतं?"

"वाकतं."

"कापतं बी आन् शिवतं बी?"

"एकाच वेळी."

मिस्तरींनी मला कोपर मारलं. "बघ, बघ. आन् बाई, माल बाहेर कसा काढनार? भोक तर एवढुसं."

"आतच एका पिशवीत भरते आणि मोठ्या छिद्रातून ओढून काढते. फुप्फुस म्हणजे स्पंज, दबतं."

मिस्तरी हसले, अगदी मनापासून. खिडकीतून बेअरिंग काढणाऱ्या माणसाला आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं होतं. मग गंभीर झाले. "आतून काम नायच जमलं तर?"

"तर उघडावं लागेल. तशी सही घेते मी आधी."

"उघडा मंग. हट्ट करू नका. मी बी दोनदा उघडल्यात." आणि माझ्याकडे अंगठा करून, "आन् शेवटी पार्ट तर उरत नाय ना तुमच्याकडं? ह्याच्याकडं उरतेत."

"आमची सिस्टर सगळं मोजते. मोजून जुळल्याशिवाय मिटवत नाही."

"बास," मिस्तरी म्हणाले. "ठरलं."

निघताना त्यांनी बाईंच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बोट दाखवलं. बाईंनी तो त्यांच्या कानांना लावला आणि दुसरं टोक त्यांच्याच पाठीवर, डाव्या बाजूला ठेवलं. मिस्तरींनी डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

"काय बी वाजत नाय," ते म्हणाले.

"नाहीच वाजणार, बाबा. एवढी लहान असताना ती आवाज करत नाही."

त्यांनी नळ्या कानातून काढल्या आणि नीट गुंडाळून परत दिल्या. जिन्यात मला म्हणाले, "जल्मभर सगळ्यांना सांगत आलो, आधी ऐक, आधी ऐक. आन् सोताचंच ऐकू आलं नाय." पुढच्या चार पायऱ्या त्यांनी कठड्याला धरून उतरल्या. तोवर मी त्यांना कधी कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी बोललो, आणि नेहमीप्रमाणे नको ते. "मिस्तरी, काळजी करू नका. ते दोन महिने काकूंना मी उचलीन!"

राजूने माझ्या पोटाकडे पाहिलं. मिस्तरींनी खिसा चाचपला, पण स्प्रिंग बाहेर काढली नाही.

हृदयाच्या, दमाच्या तपासण्या पार पडल्या. ऑपरेशनच्या सकाळी अंगावरचं सगळं काढून द्यायचं होतं. त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं: कवळी, करदोटा आणि ती स्प्रिंग. कवळीशिवाय बोललेलं नीट कळत नव्हतं, पण हात उंच करून आम्हाला जे म्हणाले ते मला कळलं. "जा, च्या प्या."

सांगितलेल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त लागला. राजूने तीनदा चहा आणला आणि तीनदा तसाच ठेवला. मी स्प्रिंग बोटांत दाबत बसलो होतो. दाबली की बसायची, सोडली की उठायची. तेवढंच एक मला जमत होतं.

बाई बाहेर आल्या तेव्हा टोपीखालचे केस ओले होते. "फुप्फुस आतून बरगड्यांना चिकटलेलं होतं, ते सोडवायला वेळ गेला. पण छिद्रांतूनच झालं." मग म्हणाल्या, "भूल चढता चढता मला म्हणाले, बाई, मोजून मिटवा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मिस्तरी खुर्चीत बसलेले. छातीतून एक नळी निघून खाली डब्यात गेलेली. हाताशी ते तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र, फुप्फुसाच्या व्यायामाचं. चेहरा दुखण्याने आवळलेला. व्यायाम करायला राजी नव्हते, दुखतं म्हणून. मी पुढे झालो. म्हटलं, "असं करायचं, मिस्तरी!" यंत्राची नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले. चेंडू जागचे हलले नाहीत. आणखी जोराने फुंकलं. सिस्टर दारातून म्हणाली, "काका, ते फुंकायचं नसतं. ओढायचं असतं."

मिस्तरी हसले. हसल्याने दुखलं, दुखल्याने खोकले, आणि खोकला सुटला तसा कफही सुटला. सिस्टर खूष. "रोज येत जा काका," मला म्हणाली. माझ्या मूर्खपणाचा वैद्यकीय उपयोग झाल्याचा हा एकमेव प्रसंग. मग मिस्तरींनी यंत्र ओढून घेतलं, मान झुकवली, आणि पहिला चेंडू उचलला. संध्याकाळपर्यंत दुसरा. तिसरा चेंडू वर गेला तो घरी, सायखेड्याला, काकूंच्या खाटेसमोर. काकू म्हणाल्या, "लई मोठा पराक्रम."

तपासणीला पाठवलेल्या गाठीचा निकाल आला. कडा मोकळ्या, ग्रंथींत काही नाही, म्हणजे रोग पूर्ण निघालेला. दर काही महिन्यांनी स्कॅन, एवढंच.

आणि मी सायखेड्याला राहायला गेलो. शब्द दिला होता ना.

पहिल्याच दिवशी मी ताठ पायांनी वाकलो, काकूंच्या काखेत हात घातले आणि 'हुप्प' करून उचललं. पुढच्या क्षणी आम्ही दोघंही खाटेवर. मी खाली.

"डिप्लोमा," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी कांद्याचं पोतं नाय."

मिस्तरी खुर्चीत बसून, हात छातीशी धरून, मला शिकवू लागले. "गुडघ्यात वाक. उचलायचं नाय, तोलायचं. तिचं डोकं तुझ्या खांद्यावर येऊ दे. हां. आता उभा राहा. आता थांब."

"थांबायचं कशाला? खुर्ची तर इथेच आहे."

"थांब म्हनलं ना."

थांबायचो. पाच-सहा श्वासांचा वेळ. मग ते म्हणायचे, "फिर आता," आणि मी काकूंना खुर्चीत बसवायचो. रोज असंच. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "तिचा दम बसू दे." मला ते पटलं नाही, कारण दम माझा गेलेला असायचा, त्यांचा नाही. पण दोन महिने मी इमानदारीने थांबलो, आणि काकूंना त्यानंतर फक्त एकदा पाडलं. तेही खाटेवरच.

सर्जन बाईंनी वजन उचलायला परवानगी दिली त्या दिवशी मी घरी परत निघालो. स्प्रिंग माझ्याकडेच होती. द्यायला गेलो तर मिस्तरी म्हणाले, "ठेव. कुठं बसते ती कळलं की सांग." अजून कळलेलं नाही.

काकू त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेल्या. मिस्तरींनी एक दिवस जास्त मागितला होता, त्यांना सात महिने मिळाले. त्यांनी ते फारसे वापरले नाहीत. स्कॅन शेवटपर्यंत स्वच्छ येत राहिले. एका दुपारी जेवून झोपले, ते उठले नाहीत. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होतो. काकू गेल्या तेव्हाही पुण्यालाच. महत्त्वाच्या वेळी जागेवर नसणं, यातही मी डिप्लोमाच.

म्हणून माझ्याजवळ त्या दोघांचं शेवटचं जे आहे ते त्याआधीच्या एका सकाळचं. काकू जायच्या पंधराएक दिवस आधी मी सहज गेलो होतो. चप्पल काढत होतो, दार उघडंच होतं. मिस्तरींना ऐंशी उलटून गेलेली. ते गुडघ्यात वाकले, काकूंना तोलून उभं केलं, काकूंचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं, आणि ते थांबले.

थांबले, आणि त्यांनी तोंड वळवून कान काकूंच्या पाठीला लावला. खांद्याच्या फऱ्यावर. डोळे मिटले. ड्रिलिंग मशीनसमोर उभे होते तसेच उभे.

मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी धावलो. "मिस्तरी! काय झालं?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. काकूंनी त्यांच्या खांद्यावरूनच, वाकड्या तोंडाने मला दटावलं.

"गप. ऐकतेत. रोज ऐकतेत."

मी चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पाच-सहा श्वास झाले. मग मिस्तरींनी काकूंच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"चल," म्हणाले, आणि त्यांना उन्हात घेऊन गेले.